घरच्या घरी बाइकचं निदान: मल्टिमीटर, स्कॅनर आणि त्यांचा योग्य क्रम

मीटरवरचा पिवळा इंजिनाचा दिवा लागला की बरेच जण गाडी तशीच दामटत राहतात. बाकीचे ती सर्व्हिस सेंटरला सोडतात आणि संध्याकाळी "सेन्सर गेला होता, बदलला" एवढं ऐकून बिल भरतात. सेन्सर खरंच गेला होता का, हे विचारून उपयोग नसतो, कारण मोजलेलं काहीच आपल्यासमोर नसतं. हा लेख त्या मोजण्याबद्दल आहे. हजार-दीड हजारांचा मल्टिमीटर, त्याहून स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर आणि रविवारची सकाळ एवढ्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्येही हे काम होतं.

सगळ्यात आधी क्रम लक्षात ठेवा: बॅटरी, कोड (गाडीनं नोंदवलेल्या बिघाडाचा क्रमांक), लाइव्ह डेटा (सेन्सर त्या क्षणी दाखवतात ते आकडे), मल्टिमीटर, आणि शेवटी पार्ट. कोड दिसला की थेट पार्ट बदलायची घाई सगळीकडे दिसते आणि तिथेच पैसे वाया जातात. स्कॅनर, म्हणजे तो ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप, दाखवतो तो कोड एका सर्किटचा असतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर असतो, दोन-तीन वायरी असतात, कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, असतो, अर्थिंग असतं आणि पलीकडे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कंप्युटर, असतो. यातलं नेमकं काय बिघडलंय ते मीटरच सांगतो.

कुठल्या गाडीला काय लागू

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक दुचाक्यांचा कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यासोबत ओबीडी, म्हणजे गाडीनं स्वतःचा बिघाड ओळखून नोंदवायची व्यवस्था, सक्तीची झाली. पहिल्या टप्प्यात ती मुख्यतः वायर तुटली, शॉर्ट झाली, सेन्सरचा सिग्नल मर्यादेबाहेर गेला एवढं पकडते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना पुढच्या टप्प्याचे नियम लागू झाले. तुमची गाडी २०२० नंतरची असेल तर स्कॅनरचा भाग तुमच्यासाठी आहे. त्याआधीच्याही काही गाड्यांना इंजेक्शन होतं, पण त्यांचे कनेक्टर आणि पद्धती कंपनीगणिक वेगळ्या आहेत.

जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर स्कॅनर विसरा. बॅटरी, चार्जिंग आणि चोरटा करंट (चावी बंद असतानाही बॅटरी खाणारा) हे भाग मात्र तिला जसेच्या तसे लागू पडतात.

काय घ्यायचं

पहिली खरेदी मल्टिमीटरची. डीसी-एसी व्होल्ट, ओहम, बीप वाजणारी कंटिन्युइटी, मिलिअँपिअर आणि १० अँपिअरचं वेगळं सॉकेट एवढं त्यात हवं. ऑटो-रेंज असेल तर नवख्या माणसाचा गोंधळ कमी होतो. सोबत मगरीच्या तोंडाचे क्लिप घ्या, म्हणजे सेल्फ मारताना दोन्ही हात मोकळे राहतात. कपलरच्या मागून वायरीच्या कडेनं आत सरकवायला दोन-चार बारीक टाचण्याही ठेवा. वायरीचं प्लास्टिक टोचून मोजू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं पडतं.

दुसरी वस्तू ईएलएम३२७ या नावानं मिळणारा ब्लूटूथ अडॅप्टर. मूळ चिप एका कॅनेडियन कंपनीची. बाजारातले स्वस्त अडॅप्टर तिच्या नकला आहेत आणि त्यांतले बरेच अर्धवट आहेत. काही फक्त कॅन प्रोटोकॉल, म्हणजे दोन वायरींवरून बोलायची पद्धत, बोलतात. ज्या बाइक के-लाइनवर, म्हणजे एकाच वायरीवरून बोलतात, त्यांच्याशी असा अडॅप्टर जुळतच नाही आणि माणूस गाडीला दोष देत बसतो. नाशकात महात्मा गांधी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा, पण परत करायची सोय असेल तरच. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला लागेल. साधा ब्लूटूथ अडॅप्टर अँड्रॉइडलाच चालतो.

तिसरी, सहा पिनींचा बाइक कनेक्टर सोळा पिनींच्या ओबीडी सॉकेटला जोडणारी केबल. ती आली की लावण्याआधी मीटरच्या बीपवर तपासा. सोळा पिनींच्या टोकाला ४ आणि ५ अर्थिंगच्या, १६ बॅटरी प्लसची, ६ आणि १४ कॅनच्या, ७ के-लाइनची. गाडीच्या बाजूची कुठली पिन कुठे जाते ते वायरिंग डायग्रामशी ताडून बघा. स्वस्त केबलीत प्लस आणि अर्थिंगची अदलाबदल झाली असेल, तर ते कळायची वेळ गाडीला जोडण्याआधीची आहे.

याखेरीज कॉन्टॅक्ट क्लीनर, डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि एक अँपिअरपर्यंतचा स्मार्ट चार्जर. आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, वायरिंग डायग्रामसकट. या यादीतली कुठलीही वस्तू पुढे ढकला, मॅन्युअल सोडू नका. वायरीचे रंग आणि सेन्सरचे ओहम प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. खाली दिलेले आकडे साधारण अंदाजाचे आहेत. शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

पहिली पायरी: बॅटरी

ईसीयूला व्होल्टेज कमी पडलं की ती नाही नाही ते कोड टाकते. म्हणून बॅटरी तपासल्याशिवाय स्कॅनरला हात लावू नका.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी, चावी बंद ठेवून मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.० च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, पुढचं नंतर. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवा, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर.

आता लोडवर बघा. क्लिप बॅटरीला लावून सेल्फ मारा आणि काटा किती खाली जातो ते टिपा. ९.६ च्या वर राहिला तर ठीक. उभ्यानं १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना ८ वर कोसळत असेल, तर ती आतून संपलेली आहे. टाकी भरलेली दिसावी आणि नळ सोडल्यावर धार बारीक यावी, तसं.

निफाड-पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकड्यावर येतो. अशा थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि सेल्फला जास्त करंट लागतो. ऑक्टोबरमध्ये काठावर पास झालेली बॅटरी तिथे जानेवारीत हमखास दगा देते. त्या भागात राहणाऱ्यांनी लोडची चाचणी दिवाळीच्या सुमारास उरकून घ्यावी.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ दमत असेल तर अर्थिंग बघा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगच्या वायरीत किंवा बोल्टखाली गंज आहे. बोल्ट सोडून कानस मारून परत घट्ट करा. या एवढ्या कामानं अनेक 'इलेक्ट्रिकल बिघाड' गायब होतात.

दुसरी पायरी: स्कॅनर जोडणं आणि कोड काढणं

निदानाचा कनेक्टर बहुतेक गाड्यांत सीटखाली, बॅटरीजवळ किंवा साइड पॅनलमागे असतो. त्यावर रबरी टोपी असते. बीएस-६ गाड्यांत तो बहुधा सहा पिनींचा आणि बऱ्याचदा लाल असतो. टोपी काढल्यावर आधी आत बघा. पिनी हिरवट असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या.

चावी बंद असताना केबल आणि अडॅप्टर जोडा. मग चावी ऑन, किल स्विच ऑन, इंजिन बंदच ठेवा. पेट्रोलच्या पंपाची दोन-तीन सेकंदांची गुणगुण ऐकू आली पाहिजे, तीही एक चाचणीच आहे. आता फोनवरून ब्लूटूथ जोडा आणि ॲपमध्ये प्रोटोकॉल 'ऑटो'वर ठेवा. जुळलं नाही तर कॅन ५०० केबीपीएस आणि केडब्ल्यूपी २००० (के-लाइनवरची भाषा) हे दोन्ही हातानं निवडून बघा. तरीही नाहीच जुळलं तर त्या मॉडेलला कंपनीची स्वतःची भाषा लागते. अशा गाड्यांसाठी दुचाकींचा खास स्कॅनर घ्यावा लागतो. तो महाग पडतो, पण चार-पाच जणांनी मिळून घेतला तर परवडतो.

कोड दिसले की पुसायच्या आधी लिहून घ्या. स्क्रीनशॉट काढा, किलोमीटर लिहा, गाडी गार होती की गरम, पाऊस होता का, तेही लिहा. 'फ्रीझ फ्रेम' मिळत असेल तर तीही जपा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम आणि तापमान किती होतं ते तिच्यात नोंदलेलं असतं. कोड पुसला की हा सगळा पुरावा जातो.

कोडचं पहिलं अक्षर 'पी' असेल तर इंजिनाकडचं, 'सी' असेल तर एबीएससारखं चाकांकडचं. नंतरचा आकडा ० असेल तर कोड सर्वमान्य यादीतला, १ असेल तर कंपनीचा स्वतःचा. १ वाल्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधू नका. नेहमी भेटणारे काही असे: पी०१०७ आणि पी०१०८ मॅप (हवेच्या दाबाच्या) सेन्सरचे, पी०११२ आणि पी०११३ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचे, पी०११७ आणि पी०११८ इंजिनाच्या तापमानाचे, पी०१२२ आणि पी०१२३ थ्रॉटल पोझिशनचे, पी०१३१ आणि पी०१३२ ऑक्सिजन सेन्सरचे, पी०२०१ इंजेक्टरचा, पी०३३५ क्रँक सेन्सरचा, पी०५६२ कमी व्होल्टेजचा. जोडीतला पहिला सिग्नल खूप खाली गेल्याचं सांगतो, दुसरा खूप वर गेल्याचं. हा फरक फार कामाचा आहे. तापमानाच्या सर्किटमध्ये 'वर' म्हणजे बहुधा वायर तुटली किंवा कपलर सुटला, आणि 'खाली' म्हणजे बहुधा शॉर्ट.

स्कॅनर नसेल तरी काही गाड्या दिव्याच्या उघडझापीतून कोड सांगतात. होंडाच्या बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत लांब उघडझाप दहाची आणि छोटी एकाची धरतात. एक लांब, दोन छोट्या म्हणजे १२, इंजेक्टरचं सर्किट.

आणि काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा. सोळाव्या पिनीवर कायम १२ व्होल्ट असतात. असा अडॅप्टर ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. कारच्या बॅटरीला ते जाणवणारही नाही, पण बाइकची ५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत झोपते.

तिसरी पायरी: लाइव्ह डेटा

खरी मजा इथे आहे आणि बहुतेक जण हीच पायरी गाळतात. कोड नसतानाही गाडी मिसिंग करत असेल, पिकअप नसेल, ॲव्हरेज पडलं असेल तर उत्तर बऱ्याचदा लाइव्ह डेटात सापडतं.

गाडी रात्रभर उभी असताना सकाळी चावी ऑन करून इंजिनाचं तापमान आणि हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळपास सारखी हवीत आणि बाहेरच्या हवेशी जुळायला हवीत. दोन-चार अंशांचा फरक चालेल. गार इंजिन ६० अंश दाखवत असेल तर ईसीयू गरम गाडीच्या हिशेबानं पेट्रोल देते, आणि सकाळी गाडी सुरू व्हायला रडते. अशा वेळी प्लग बदलून काही होत नाही.

मग मॅप सेन्सर, म्हणजे हवेच्या दाबाचा. चावी ऑन पण इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. परदेशातल्या किंवा मुंबईच्या व्हिडिओत हा आकडा १०१ किलोपास्कल सांगतात, कारण तो समुद्रसपाटीचा आहे. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे ९४-९५ दिसणं अगदी बरोबर आहे. कसारा घाट उतरून मुंबईपर्यंत गेलात की तोच सेन्सर शंभरच्या पुढे जाईल. उलट नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढलात तर, गड सुमारे १२०० मीटरवर असल्यानं, ८८ च्या आसपास दिसेल. म्हणजे नाशकात चावी ऑन केल्यावर १०१ दिसलं तरच शंका घ्या. इंजिन सुरू केल्यावर आयडलला हा आकडा चांगलाच खाली उतरला पाहिजे. उतरत नसेल तर इनटेकच्या रबरातून हवा शिरतेय किंवा वॉल्व्ह टाइट झालेत.

थ्रॉटल पोझिशन सेन्सरसाठी ग्रिप अगदी हळू पिळा. व्होल्टेज साधारण ०.५-०.७ पासून सलग वाढत ४.५ च्या आसपास जायला हवं. मध्येच उडी मारली, खाली आलं किंवा शून्य झालं तर त्या जागेवर ट्रॅक झिजलाय. गाडी ठरावीक स्पीडलाच अडखळते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

ऑक्सिजन सेन्सर गरम झाल्यावरच बोलतो, म्हणून दहा मिनिटं गाडी चालवून या. मग तो ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वरखाली होत राहायला हवा. एकाच जागी अडकून बसला तर सायलेन्सरच्या जोडातली गळती आधी बघा, सेन्सर नंतर. गळतीतून बाहेरची हवा शिरते आणि सेन्सर खोटं बोलतो.

फ्युएल ट्रिम दिसत असेल तर तो आकडाही बघा. ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवते किंवा घटवते ते हा सांगतो. दहा टक्क्यांच्या आतबाहेर ठीक. ई-२० पेट्रोलमधल्या इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्यासाठी न जुळवलेल्या गाडीत ट्रिम थोडी अधिककडे झुकलेली दिसते. तेवढ्यानं घाबरू नका. आयडलला ट्रिम खूप अधिक आणि रेस केल्यावर कमी होत असेल तर मात्र हवेची गळती शोधा.

आणखी दोन झटपट चाचण्या. गाडी सुरूच होत नसेल तर सेल्फ मारताना लाइव्ह डेटात आरपीएम बघा. इंजिन फिरतंय आणि आरपीएम शून्य दिसतोय, तर पल्सर कॉइलकडून, म्हणजे क्रँक सेन्सरकडून, सिग्नल येत नाहीये. स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही त्यामुळेच बंद आहेत. दुसरी, ईसीयूला दिसणारं बॅटरी व्होल्टेज आणि तुमच्या मीटरवरचं व्होल्टेज जुळतंय का ते बघा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर चावीचा स्विच, फ्यूजचा होल्डर किंवा अर्थिंग खराब आहे.

चौथी पायरी: मीटरनं दोषी शोधणं

माझा भाचा नाशिकहून पेठ गावी नोकरीला जातो. जुलैच्या पावसात रोज घाटातून ये-जा. एके दिवशी फोन आला, "मामा, दिवा लागलाय, गॅरेजवाला म्हणतोय सेन्सर बदलावा लागेल." गाडी घरी आणली, स्कॅनर लावला, कोड पी०११३. लाइव्ह डेटात हवेचं तापमान उणे ४०. नाशकात कितीही पाऊस पडला तरी उणे ४० होत नाही. हा आकडा दिसला की समजा, ईसीयूला त्या वायरीवरून काहीच परत येत नाहीये.

हा सेन्सर म्हणजे दोन वायरींचा थर्मिस्टर. गरम झाला की त्याचा रोध घटतो, गार झाला की वाढतो. तपासायचा तो असा:

१. चावी बंद करून कपलर काढा. लॉक दाबून काढा, वायर ओढून नाही.

२. चावी ऑन. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून गाडीकडच्या कपलरच्या दोन पिनींमध्ये मोजा. ५ व्होल्टच्या आसपास आलं पाहिजे. आमच्याकडे आलं. म्हणजे ईसीयू पुरवठा करतेय आणि अर्थिंग जागेवर आहे.

३. चावी बंद. मीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनींमध्ये मोजा. साधारण २०-२५ अंशांना दोन-अडीच किलो-ओहम हा नेहमीचा आकडा. आमच्याकडे तेवढाच आला. मग सेन्सर हेअर ड्रायरनं गरम केला, रोध सलग घटत गेला. सेन्सर धडधाकट.

सेन्सर चांगला, वायर चांगली, मग राहिला जोड. टॉर्च मारून कपलरमध्ये पाहिलं तर एक पिन जवळपास दोन मिलिमीटर मागे सरकलेली आणि तिच्याभोवती हिरवी बुरशी. बारीक स्क्रूड्रायव्हरनं पिन पुढे ढकलली, ती 'टक' करून लॉक झाली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, वाळू दिला, डायइलेक्ट्रिक ग्रीसचा ठिपका लावून कपलर बसवला. लाइव्ह डेटात तापमान लगेच २६ वर आलं. सेन्सर बदलला असता तरी नव्याला तीच मागे सरकलेली पिन भेटली असती.

इथे एक बारकावा. डिजिटल मीटर अगदी नगण्य करंट घेतो, म्हणून वायरीतला एकच तंतू शिल्लक असला तरी तो ५ व्होल्ट दाखवतो. कोड येतो-जातो असं असेल तर मोजताना वायर हँडलपाशी, सीटखाली, जिथे जिथे वाकते तिथे हलवत राहा. आकडा थरथरला की जागा सापडली.

काही गाड्यांत बिघाड झाल्यावर ईसीयू स्वतःच एक ठरावीक आकडा धरून चालते आणि तोच लाइव्ह डेटात दिसतो. आकडा शहाण्यासारखा दिसतोय पण इंजिन तापूनही हलत नाही, असं असेल तर हीच शंका घ्या.

दोन गोष्टी कधीच करू नका. चावी ऑन असताना ओहम मोजू नका. आणि ईसीयूच्या वायरींवर बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका, बल्ब खेचतो तेवढा करंट तिथे सोसत नाही.

चार्जिंग आणि चोरटा करंट

बॅटरी दर आठवड्याला डाउन होत असेल तर ती बदलण्याआधी हे करा. गाडी सुरू करून ४०००-५००० आरपीएमला बॅटरीवर मोजा. १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. २०१७ पासूनच्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू असतो, त्यामुळे आयडलला थोडं कमी दिसलं तर चालेल. १५ च्या वर जात असेल तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं किंवा त्याचं अर्थिंग सुटलं. अशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरीसोबत ईसीयूही धोक्यात येते.

चार्जिंग कमी असेल तर इंजिन बंद करून मॅग्नेट कॉइलचा (इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलचा) कपलर काढा. तीन फेजच्या गाडीत त्यात बहुधा तीन पिवळ्या वायरी असतात. दोन-दोनच्या जोड्यांत ओहम मोजा. एक ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखा यावा. प्रत्येक वायर आणि इंजिनाचा धातू यांच्यात बीप वाजता कामा नये. वाजला तर कॉइल जळून बॉडीला लागलीय. मग गाडी सुरू करून तिन्ही जोड्यांत एसी व्होल्ट बघा. आकडा किती यावा ते मॅन्युअल सांगेल, पण तिन्ही सारखे असणं महत्त्वाचं. हा एसी रेस केल्यावर पन्नासच्या वर सहज जातो, तेव्हा बोटं लांब ठेवा.

चार्जिंग बरोबर असूनही बॅटरी उतरत असेल तर चोरटा करंट शोधा. चावी बंद, बॅटरीची मायनस वायर काढा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन वायर आणि पोल यांच्यामध्ये लावा. आकडा नगण्य दिसला तर मिलिअँपिअरवर या. चारपाच मिलिअँपिअरपर्यंत सहसा चिंता नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं आकडा पडेल ते सर्किट दोषी. बाहेरून लावलेला जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जर आणि अलार्म हे नेहमीचे संशयित. मीटर असा मध्ये असताना चावी ऑन करू नका, सेल्फ तर अजिबातच मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल.

कोड पुसणं आणि चाचणी

दुरुस्तीनंतरच कोड पुसा. मग गाडी पूर्ण गरम होईल, चढ-उतार आणि एकसारखा वेग सगळं येईल अशी फेरी मारा. त्र्यंबकपर्यंत जाऊन आलात तर पुरेसं आहे. घरी येऊन परत स्कॅन करा आणि 'पेंडिंग', म्हणजे अजून पक्के न झालेले, कोडही बघा. तिथे काही दिसलं तर दिवा लागला नसला तरी काम अपुरं आहे. थ्रॉटल बॉडी साफ केली असेल किंवा बॅटरी काढली असेल तर काही गाड्यांना आयडल पुन्हा शिकवावं लागतं. ती पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

गाडी पडल्यानंतर सुरूच होत नसेल तर स्कॅनर काढायच्या आधी ती सरळ उभी करून चावी बंद-चालू करा. पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर तसाच अडकलेला असतो. साइड स्टँडचा स्विचही चिखलानं अडकतो, तोही बघून घ्या. आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप सीटखाली आणि हेडलाइटमागे मारू देऊ नका. कपलर पाऊस झेलतात, तो मारा नाही.

कुठे थांबायचं

एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावर विझत नसेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि त्यासमोरची दातेरी रिंग पुसून बघा. काळ्या मातीचा थर बसला की सिग्नल जातो. एवढ्यानं झालं नाही तर गाडी वर्कशॉपला द्या. एबीएस मॉड्युलमधली हवा काढायला अनेक गाड्यांत कंपनीचाच स्कॅनर लागतो, आणि ब्रेकवर प्रयोग करायचे नसतात. चावीची इमोबिलायझर नोंदणी, ईसीयूचं सॉफ्टवेअर आणि पेट्रोलच्या लाइनचा दाब मोजणं हेही तिथलंच काम. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापू नका. कोड वाचणं आणि कपलर साफ करणं इथपर्यंतच राहा. आणि इंजिन सुरू ठेवून करायच्या चाचण्या बंद गॅरेजमध्ये नकोत, शटर पूर्ण वर करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वर्कशॉपला गाडी देताना तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या. अशी: "पी०१२३, दोनदा आला, दोन्ही वेळा पावसात, गाडी गरम असताना. बॅटरी १२.६, सेल्फ मारताना १०.४, चार्जिंग १४.१. थ्रॉटल बंद असताना ०.६ व्होल्ट, हँडल डावीकडे पूर्ण वळवल्यावर ५ वर उडी मारतो. कोड पुसलेला नाही." मेकॅनिक ही चिठ्ठी वाचून आधी हँडलपाशी दबलेली वायर बघेल, आणि बिलात सेन्सर लागलाच तर तो का लागला ते तुम्हाला विचारता येईल.